अंडं, लस आणि आमचा बारक्या

निरवांगी हे नाव सांगितलं की वसतिगृहातल्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे कुठं आलं गं?" मग मी सांगते, बारामतीच्या पुढं, इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठावर. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. नकाशात बोट ठेवून दाखवावं लागतं खरं, पण आम्हांला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडं ऊस आहे, डाळिंब आहे आणि आता ठिकठिकाणी पोल्ट्रीची शेडं आहेत. आमच्या घरीही अंड्यावरच्या कोंबड्यांचं एक शेड आहे. माझ्या फीचा बराचसा भाग त्या कोंबड्यांनीच भरलेला आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करते!

आणि गंमत बघा मित्रांनो, ज्या घरात रोज सकाळी अंड्यांचे ट्रे मोजले जातात, त्याच घरात एका माणसाला अंडं चालत नाही. तो माणूस म्हणजे माझा भाचा. वय वर्षं सहा. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात. ताईचं सासर नदीपलीकडं, माळशिरस तालुक्यात. दाजी नोकरीला चाकणला. त्यामुळं ताई आणि बारक्या वर्षातले कितीतरी महिने आमच्याकडंच असतात. तो शेडमध्ये जातो, कोंबड्यांना हाका मारतो, ट्रे मोजून "आण्णा, आज दोन कमी आल्यात" असा हिशोबही देतो. पण अंडं खात नाही. खाऊच शकत नाही.

तो सव्वा वर्षाचा असताना आज्जीनं कौतुकानं त्याला उकडलेल्या अंड्याचा पांढरा तुकडा भरवला होता. दहा-पंधरा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तो सावरला. पुढं पुण्याला नेऊन तपासण्या केल्या. निदान झालं, अंड्याची ॲलर्जी. जोडीला दमाही निघाला. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवलं की त्याची छाती वाजायला लागते.

ॲलर्जी म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं. आता जेवढं कळलं ते आपल्या भाषेत सांगते. शरीराचा एक पहारेकरी असतो, त्याला प्रतिकारशक्ती म्हणतात. जंतू आला की त्यानं ओरडायचं, हे त्याचं काम. काही मुलांमध्ये हा पहारेकरी अंड्याच्या, दुधाच्या किंवा शेंगदाण्याच्या प्रथिनालाच चोर समजतो. त्याच्याविरुद्ध आयजीई नावाच्या प्रतिपिंडांची फौज उभी करून ठेवतो. पुन्हा ते प्रथिन पोटात गेलं की ठरावीक पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायनं सुटतात आणि गांधी, सूज, उलटी, दम असा सगळा गोंधळ सुरू होतो. हा गोंधळ अंगभर झाला, श्वास अडकला किंवा रक्तदाब घसरला तर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तो जिवावर बेतू शकतो. त्यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. एवढं प्रत्येकानं लक्षात ठेवलेलं बरं.

असो. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

बारक्या तीन वर्षांचा असताना ताईनं एका दवाखान्यात फ्लूच्या लसीची चौकशी केली. तिथं विचारलं, "काही ॲलर्जी?" ताई म्हणाली, "अंड्याची." लगेच उत्तर आलं, "मग ही लस याला नाही. ही अंड्यात करतात." विषय संपला. ताईनंही सुटकेचा श्वास सोडला असावा, कारण सुजलेले ओठ तिनं डोळ्यांनी बघितले होते. पुढच्या पावसाळ्यात बारक्याला फ्लू झाला. साधा सर्दी-ताप म्हणून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दमा उसळला आणि बारामतीला पाच दिवस ॲडमिट करावं लागलं. नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन, आणि खिडकीबाहेर बघत तो विचारत होता, "मावशी, कोंबड्यांना कोण खायला घालतंय?"

डिस्चार्जच्या दिवशी मुलांच्या डॉक्टरांनी ताईला विचारलं, "फ्लूची लस दिली होती का?" ताईनं अंड्याचं कारण सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, दमा असलेल्या मुलाला तर ही लस आधी द्यायला हवी. अंड्याची ॲलर्जी हे आता न देण्याचं कारण राहिलेलं नाही."

आता आली का पंचाईत! एक म्हणतो देऊ नका, दुसरा म्हणतो आधी द्या. दोघंही डॉक्टरच. आमच्यासारख्या माणसांनी कुणाचं ऐकायचं? दाजी फोनवरून ठाम म्हणाले, "एकदा बघितलंय. पुन्हा ती परीक्षा नको." आज्जी म्हणाली, "ज्यानं एवढं झालं तेच परत टोचायचं का गं पोराला?" आणि आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तू इंजिनिअरिंगला हाईस ना? मग जरा बघ की, खरं काय ते."

मी यंत्र शाखेची. माझा आणि लसीचा संबंध दंडावर टोचून घेण्यापुरता. पण आण्णांनी सांगितलं म्हटल्यावर बघणं भाग होतं. तेव्हापासून सुट्टीत, ग्रंथालयात, रात्री खोलीवर जमेल तसं वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते या लेखात सांगते आहे, कारण हे फक्त आमच्या घरापुरतं नाही असं मला वाटतं.

पहिला प्रश्न : फ्लूची लस खरंच अंड्यात करतात का? हो, बहुतेक लसी आजही अंड्यातच करतात. फ्लूचा ए प्रकारचा विषाणू मूळचा पाणपक्ष्यांचा. (म्हणून भिगवणच्या रोहित पक्ष्यांना बघायला जायचं सोडू नका हं, माणसांचा फ्लू माणसांकडूनच येतो!) कोंबडीच्या गर्भात हा विषाणू चांगला वाढतो, हे शास्त्रज्ञांना १९३० च्या दशकातच कळलं होतं. अमेरिकेत १९४५ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी जी लस मंजूर झाली ती याच पद्धतीची होती.

मी हे आण्णांना सांगत होते तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, "कसली अंडी? आपल्या ट्रेमधली?" मी म्हटलं, "नाही आण्णा. फळलेली अंडी लागतात. दहा-अकरा दिवस उबवलेली." हे ऐकल्यावर आण्णांना सगळं पटापट समजायला लागलं. आपल्या शेडमधल्या अंड्यात पिल्लू नसतं, हॅचरीच्या अंड्यात असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. तर अशा अंड्याच्या कवचाला बारीक भोक पाडून गर्भाभोवतीच्या द्रवात विषाणू सोडतात. दोन-तीन दिवस अंडी पुन्हा उबेत ठेवतात. मग तो द्रव काढून घेतात, इंजेक्शनच्या लसीसाठी विषाणू रसायनानं मारतात, वेगानं फिरणाऱ्या यंत्रात घालून विषाणू वेगळा काढतात, त्याचे तुकडे करतात आणि गाळून शुद्ध करतात. ढोबळमानानं एका अंड्यातून एका डोसएवढा माल निघतो. आण्णा हसून म्हणाले, "म्हणजे डॉक्टरचं बी गणित आमच्यासारखंच, ट्रेवर!"

हे काम आपल्या पुण्यातही झालं आहे. २००९ चा स्वाइन फ्लू आठवतो का? आपण तेव्हा लहान होतो, पण घरातल्या मोठ्यांना विचारा. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा तो देशातला पहिला बळी. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा-कॉलेजं बंद झाली आणि रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला. माझे चुलते तेव्हा पुण्यात कामाला होते, ते गावी आले तर लोक चार हात लांबूनच बोलायचे. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं इंजेक्शनची लस आणली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची नॅसोव्हॅक ही लस आणली. दोन्ही अंड्यावर वाढवलेल्या. आणि अशा लसींबरोबर "अंड्याची ॲलर्जी असल्यास" ही सूचनाही दवाखान्या-दवाखान्यात पोचली.

दुसरा प्रश्न : लसीत अंडं किती उरतं? इथं आपली इंजिनिअरिंगची सवय कामाला आली. "आहे की नाही" यापेक्षा "किती आहे" हा प्रश्न महत्त्वाचा. अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे ओव्हाल्ब्युमिन. एका अंड्याच्या पांढऱ्यात ते साधारण २ ग्रॅम असतं. आजच्या बहुतेक इंजेक्शनच्या लसींत एका डोसमध्ये ते १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असतं. करा भागाकार. वीस लाखांत एक! नुसतं वीस लाख म्हटलं तर आज्जीला काही कळलं नसतं. म्हणून तिला सांगितलं, "आज्जी, वीस टन उसाचा ट्रक कारखान्यावर चाललाय. त्यातलं दहा ग्रॅमचं चिपाड बाजूला काढलं. ट्रक म्हणजे अंडं, आणि ते चिपाड म्हणजे लशीतलं अंडं." आज्जी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एवढंसंच व्हय?"

पण नुसता भागाकार करून भागत नाही, हे मलाही कळत होतं. ॲलर्जीत कधी कधी थोडक्यानंही बिघडतं, आणि खाणं वेगळं, टोचणं वेगळं. म्हणून तिसरा प्रश्न : प्रत्यक्ष अशा मुलांना लस देऊन कुणी बघितली आहे का?

बघितली आहे! आणि भरपूर काळजी घेऊन बघितली आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना नाकातली लस देऊन एक मोठा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २ ते १८ वर्षांची ७७९ मुलं होती. तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांना पूर्वी अंड्यानं ॲनाफिलॅक्सिस झालेला होता, म्हणजे बारक्यापेक्षाही अवघड केसेस. निम्म्याहून अधिक मुलांना दमा किंवा वारंवार छाती वाजण्याचा त्रास होता. लस दिल्यावर किती जणांना अंगभर ॲलर्जीची रिॲक्शन आली? एकालाही नाही. नऊ मुलांना किरकोळ, ॲलर्जीसारखा वाटणारा त्रास झाला, तेवढंच. इंजेक्शनच्या लसीबद्दलही वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून हेच पुढं आलं, की अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना इतरांपेक्षा जास्त धोका दिसत नाही.

मग लशीनं ॲनाफिलॅक्सिस होतच नाही का? होतो, पण फार क्वचित, आणि तो कुठल्याही लशीनं, कुणालाही होऊ शकतो. अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक डोसांची नोंद तपासली, तेव्हा दर दहा लाख डोसांमागे सुमारे १.३ एवढं प्रमाण निघालं. फ्लूच्या इंजेक्शनचं प्रमाणही जवळजवळ तेवढंच. म्हणून तर लस कुठलीही असो, ती जिथं ॲड्रेनलिन तयार ठेवलेलं आहे आणि ते देणारा माणूस हजर आहे अशाच ठिकाणी घ्यायची, आणि घेतल्यावर थोडा वेळ तिथंच बसायचं. हा नियम सगळ्यांसाठी आहे, फक्त बारक्यासाठी नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं एवढं स्पष्ट आहे तर पहिल्या दवाखान्यात "नाही" का म्हणाले? मला याचं उत्तर आमच्या वर्कशॉपमध्ये सापडलं. आमचे सर जॉब हातात घेण्याआधी पहिलं वाक्य बोलतात, "आधी ड्रॉइंगचा रेव्हिजन नंबर बघा." ड्रॉइंग चुकीचं नसतं, ते जुनं असतं. कारखान्यात नवीन ड्रॉइंग निघालेलं असतं, पण मशीनवरच्या माणसाच्या हातात मागच्या वर्षीचं असतं. तो बिचारा इमानदारीनं, मापात मापानं, चुकीचा जॉब बनवत राहतो.

इथंही तसंच झालं. जुन्या काळी लशी आजच्याइतक्या शुद्ध नसायच्या आणि ॲलर्जी असलेल्या मुलांवरचे अभ्यासही नव्हते. तेव्हा "अंड्याची ॲलर्जी असेल तर नको" म्हणणं शहाणपणाचंच होतं. ते होतं पहिलं ड्रॉइंग. मग अभ्यास झाले. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीनं २०११ मध्ये सांगितलं, की अंड्यानं फक्त गांधी उठत असतील तर लस द्यायला हरकत नाही. २०१६ मध्ये आणखी पुढं जाऊन सांगितलं, की तीव्र ॲलर्जी असली तरी वैद्यकीय देखरेखीखाली देता येईल. आणि २०२३ मध्ये तर ही वेगळी अटही काढून टाकली. म्हणजे अंड्याची ॲलर्जी कितीही असो, वयाला योग्य अशी कुठलीही फ्लूची लस द्यावी, आणि काळजी इतर कुणालाही लस देताना घेतो तेवढीच घ्यावी. ब्रिटन थोडं जपून चालतं. तिथं अंड्याच्या ॲनाफिलॅक्सिसमुळं ज्या मुलांना पूर्वी अतिदक्षता विभागात न्यावं लागलं होतं, तेवढ्यांचा विचार तज्ज्ञांनी करावा असं सांगतात. बाकीच्यांना लस देतात.

पण कागद बदलायला वेळ लागतो. काही लसींच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात अंड्याच्या ॲलर्जीचा इशारा जुन्याच पद्धतीनं छापलेला असतो. फॉर्मवर तो रकाना असतो. समोरचा माणूस तो वाचतो आणि जबाबदारी नको म्हणून "नाही" म्हणून मोकळा होतो. त्याला मी दोष देत नाही. पण "नाही" म्हटल्यावर आपण सुरक्षित झालो, असं जे आपल्याला वाटतं ना, तिथं गडबड आहे. लस न देणं हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत असते. आमच्या घरानं ती पाच दिवसांच्या ऑक्सिजननं मोजली. लस असती तर फ्लू झालाच नसता, असं मी म्हणणार नाही. लस शंभर टक्के अडवत नाही. पण आजार कमी होण्याची जी संधी होती, ती जुन्या ड्रॉइंगमुळं त्याला मिळालीच नाही, एवढं मात्र खरं.

हे सगळं मी एका वहीच्या कागदावर लिहून दाजींपुढं ठेवलं. दाजी चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. रेव्हिजनची गोष्ट त्यांना एका वाक्यात कळली. तरी ते म्हणाले, "कागद बरोबर आहे गं. पण पोरगं माझं आहे." यावर मी काय बोलणार? भीती कागदानं जात नाही. शेवटी ठरलं, की ज्या डॉक्टरांनी बारक्याला ॲडमिट असताना बघितलं, त्यांच्याचकडं जायचं आणि दाजींनी स्वतः सगळे प्रश्न विचारायचे.

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि अर्धा तास दिला. माहितीपत्रकातली ती ओळ दाखवून, ती तिथं का आहे आणि आजचं ज्ञान काय सांगतं, हे समजावलं. ॲड्रेनलिनची कुपी ट्रेमध्ये काढून ठेवली आणि बारक्याच्या वजनाप्रमाणं डोस किती लागेल तेही आधीच लिहून ठेवलं. "अमेरिकेत आता हे जास्तीचं मानतात, पण तुमचं मन शांत होणार असेल तर आपण अर्धा तास बसू," असं म्हणाले. बारक्याचा दमा लक्षात घेऊन नाकातली जिवंत विषाणूची लस न देता इंजेक्शनच दिलं. बारक्या एकदाच ओरडला, आणि तोही सुईसाठी! मग अर्धा तास आम्ही सगळे त्याच्या ओठांकडं बघत बसलो आणि तो भिंतीवरच्या मिकी माऊसकडं. दंड थोडा दुखला, रात्री अंग जरा कोमट लागलं, बस्स. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. दुसऱ्या डोसाला ताई एकटी त्याला घेऊन एसटीनं गेली. यावरूनच काय ते समजा.

बारक्या अजूनही अंडं खात नाही. लस चालली म्हणून अंडं चालेल असं नाही, तो वेगळा विषय आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. केक-बिस्किटाच्या पुडीवरची बारीक अक्षरं ताई अजूनही वाचते. फक्त पावसाळ्याआधीची एक फेरी बारामतीला असते, इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, हे लहान मुलांचं पुराण वसतिगृहातल्या मासिकात कशाला? सांगते. एक म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या घरी भाचे, पुतणे, लहान भावंडं आहेत. घरात इंजिनिअरिंगला एकच कुणीतरी असतं आणि "जरा बघ की खरं काय ते" हा प्रश्न त्यालाच येतो. आपल्या प्राध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या घरीही लहान मुलं आहेत. दुसरं म्हणजे आपण एका खोलीत तिघं-चौघं राहतो, एका बादलीनं कपडे धुतो, एका मेसमध्ये जेवतो. पावसाळ्यात एकाला ताप आला की आठवड्यात सगळा मजला खोकत असतो, हे काही नवीन नाही. आणि मेसमध्ये अंडा करीच्या दिवशी बाजूला बसणारी, शेंगदाण्याच्या कुटाला घाबरणारी मुलं आपल्यातही आहेत. त्यांनाही वाटतं, की आपल्याला लस चालणार नाही.

म्हणून थोडक्यात सांगते. शेंगदाणा, दूध, मासे, गहू यांची ॲलर्जी असेल तर फ्लूच्या इंजेक्शनशी तिचा संबंध नाही. अंड्याची असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, लपवू नका, पण तेवढ्यासाठी लस सोडू नका. नाकातल्या काही लसींत जिलेटिन असतं, त्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. खरा अडथळा एकच : पूर्वी फ्लूच्या लशीनंच, किंवा तिच्यातल्या अंडं सोडून दुसऱ्या घटकानं, तीव्र रिॲक्शन आलेली असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नका. त्या दिवशी जास्त ताप असेल किंवा दमा उसळलेला असेल, तर थोडं थांबा. आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, आणि लशीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यापर्यंत घेतलेली बरी. विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नवी. मुलांच्या सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, त्यामुळं खिशाला भार पडतो हे खरं. पण ज्या मुलाला दमा आहे त्याच्यासाठी घरात हा विचार पहिल्यांदा व्हायला हवा.

हीच भीती गोवरच्या लशीबद्दलही ऐकू येते. तिथंही अंड्याची ॲलर्जी आड येत नाही. सीरमची गोवरची लस तर कोंबडीच्या पेशींवर वाढवतच नाहीत. वेगळी आहे ती पिवळ्या तापाची लस. ती अंड्यात वाढवतात आणि तिच्यात अंड्याचं प्रथिन जास्त असू शकतं. उद्या कुणाला आफ्रिकेत साखर कारखाना उभारायच्या कामावर जायचं असेल आणि अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी तज्ज्ञांना भेटा. म्हणजे बघा, सगळ्या अंड्यांना एकच नियम नाही. प्रत्येक लशीचं ड्रॉइंग वेगळं, आणि प्रत्येकाचा रेव्हिजन नंबरही वेगळा.

काळजी घेणं आणि घाबरून बसणं यातलं अंतर फार थोडं असतं, आणि ते माहितीनंच ओलांडता येतं. पुढच्या वेळी तुमच्या घरी कुणी म्हणालं, "याला ॲलर्जी आहे, याला लस नको," तर भांडू नका, हसू नका. शांतपणे एवढंच विचारा, "हे कधीचं आहे?" आणि मग त्यांना घेऊन चांगल्या डॉक्टरांकडं जा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)